जशीच्या तशी मोटार : शार्लट येथील १९४९ ची शर्यत

मोटारींची शर्यत म्हटली म्हणजे डोळ्यांपुढें उभें राहतें तें एक लांबट, ठेंगणें, एकट्या माणसापुरतें यंत्र. तें शर्यतीसाठींच जन्मास आलेलें असतें आणि रहदारीच्या रस्त्यावर कधीं दिसत नाहीं. रविवार, ता. १९ जून १९४९ रोजीं अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकीं नॉर्थ कॅरोलिना या संस्थानांत, शार्लट शहराच्या बाहेर, ज्या ३३ मोटारी तांबड्या मातीच्या मार्गावर ओळीनें उभ्या राहिल्या त्यांत असें यंत्र एकहि नव्हतें. त्या होत्या वकिलानें कचेरींत जावें, कुटुंबानें रविवारीं प्रार्थनामंदिरांत जावें, तशा साध्या घरगुती गाड्या. त्यांना दारें होतीं, कांचा होत्या, पुढेंमागें बंपर होते. दिवे फुटूं नयेत म्हणून त्यांवर चिकटपट्ट्या लावलेल्या आणि दारें उघडूं नयेत म्हणून तीं पट्ट्यांनीं बांधलेलीं, एवढीच काय ती तयारी. कांहीं गाड्या तर शर्यतीच्या जागीं आपल्या चाकांवरच चालत आल्या होत्या व त्याच चाकांवर त्यांना संध्याकाळीं घरीं परतावयाचें होतें.

त्या दिवशीं जो पहिला आला त्याला पहिलें बक्षीस मिळालें नाहीं. तें मिळालें त्याच्यामागून तीन फेऱ्या कमी झालेल्या दुसऱ्याच एका परगांवच्या माणसाला. हा निकाल मार्गावर लागला नाहीं. गाडीखालीं आडवें होऊन तिचे पाटे पाहणाऱ्या तपासनिसानें तो दिला. पुढें त्यावरून कज्जा झाला व तो न्यायालयांत गेला. अमेरिकेंतील एका अत्यंत लोकप्रिय व अत्यंत श्रीमंत खेळाचा आरंभ या शर्यतीपासून धरला जातो. आणि त्या आरंभींच, खेळ ज्यांनीं वाढविला त्यांच्यावरच खेळाचा कायदा चालविण्याचा प्रसंग आला. म्हणून ही दुपार थोडी बारकाईनें पाहण्याजोगी आहे.

नॉर्थ कॅरोलिना, जॉर्जिया आणि त्यांच्या शेजारचा डोंगराळ मुलूख हा मूळचा गरीब शेतकऱ्यांचा. उतरणीवरच्या लहान लहान शेतांत मका पिके. परंतु तो मका खालच्या बाजारांत नेऊन विकण्यापेक्षां त्याची दारू गाळून विकणें अधिक किफायतीचें पडे. दारूवरील कराशीं या डोंगरी लोकांचें भांडण १७९१ इतकें जुनें. नॉर्थ कॅरोलिनानें १९०८ सालीं लोकमत घेऊन दारूबंदी पत्करली. १९२० पासून १९३३ पर्यंत तर ती साऱ्या देशांत होती. देशव्यापी बंदी उठली तरी दक्षिणेंतले अनेक परगणे कोरडेच राहिले, आणि जेथें दारू खुली झाली तेथें तिच्यावर कर बसला. १९४४ पासून मध्यवर्ती सरकारचा हा कर एका गॅलनला ९ डॉलर होता. शंभर गॅलनांची एक खेप गुपचूप शहरांत पोंचली तर नऊशें डॉलर कर बुडला, आणि तेवढ्या रकमेंत गाळणारा, नेणारा व विकणारा असे तिघेहि आपला वांटा काढीत. हातभट्टी या शब्दाचा अर्थ मराठी माणसास निराळा सांगावयास नको. मुंबई प्रांताचा नवा दारूबंदी कायदा या शर्यतीच्या अवघे तीन दिवस आधीं, १६ जून १९४९ रोजीं, अमलांत आला, हा एक निवळ योगायोग.

गाळणें हें म्हाताऱ्यांचें काम. नेणें हें तरुणांचें. रात्रीच्या अंधारांत, कित्येकदां दिवे मालवून, वळणावळणांच्या घाटरस्त्यानें खेप खालीं उतरवावयाची, आणि मागें अबकारी खात्याची गाडी लागली तर तिला चुकवावयाचें. या कामाला फोर्ड कंपनीची १९३२ सालीं निघालेली आठ नळकांड्यांची मोटार फार उपयोगी पडली. ती स्वस्त होती, तिचे सुटे भाग कोठेंहि मिळत, आणि गांवच्या लोहारालाहि तिच्या पोटांत हात घालतां येत असे. बाहेरून ती इतर हजारों गाड्यांसारखीच दिसे, हा तिचा सर्वांत मोठा गुण. आंत मात्र इंजिन अधिक जोराचें केलेलें असे, मागची बैठक काढून टाकलेली असे, आणि मागचे पाटे ताठर केलेले असत. पाट्यांचें कारण उघड आहे. शंभर गॅलन दारू म्हणजे साडेसातशें पौंडांच्या आसपास वजन. भांड्यांचें वजन निराळें. एवढा भार घातला कीं साधी गाडी मागें बसते, आणि मागें बसलेली गाडी रस्त्यावरच्या शिपायाला दुरूनहि ओळखूं येते. पाटे ताठर केले म्हणजे भरलेली गाडी रिकाम्या गाडीसारखी सपाट चाले. त्यांत दुसराहि एक लाभ होता. वळण घेतांना गाडी बाजूला कलत नसे व चाकें जमीन सोडीत नसत. रात्रीच्या रस्त्यावर जो गुण प्राण वांचवी तोच गुण गोल मार्गावर शर्यत जिंकून देई.

हे तरुण रविवारीं एकमेकांशीं पैजा लावीत. एखाद्या कुरणांत नांगरानें अंडाकृति मार्ग आंखावा, चार गाड्यांनीं भोंवतीं फिरावें, आणि कोणाची खेप अधिक वेगानें पोंचेल तें ठरवावें, असा तो प्रकार. त्यांतूनच पुढें तिकीट लावून शर्यती होऊं लागल्या. त्यांतला सर्वांत हुषार म्हणून ज्याचें नांव घेतात तो जॉर्जियांतील डॉसनव्हिल गांवचा लॉइड सी. १९४१ च्या ऑगस्ट अखेरीपासून पंधरवड्याच्या आंतच त्यानें तीन मोठ्या शर्यती जिंकल्या. त्यांतली शेवटची १ सप्टेंबर रोजीं अटलांटा येथील लेकवुड मार्गावर. दुसऱ्याच दिवशीं त्याच्या चुलतभावानें त्याला गोळी घातली. भांडण होतें साखरेच्या हिशेबाचें. साखर दारू गाळण्यासाठीं लागे. ती कोणाच्या खात्यावर घेतली, एवढाच वाद. सीचें वय त्या वेळीं एकवीस. त्याच्या थडग्याच्या दगडावर त्याची फोर्ड मोटार कोरलेली आहे आणि तिच्या खिडकीच्या जागीं कांचेआड त्याचें छायाचित्र बसविलेलें आहे. ज्या धंद्यानें त्याला मोटार हांकावयास शिकविली त्याच धंद्यानें त्याचा जीव घेतला. आणि त्याच्या गांवानें थडग्यावर लक्षांत ठेवली ती मोटार.

या मंडळींच्या शर्यतींना धड नियम नव्हते. प्रत्येक गांवीं निराळा व्यवस्थापक, निराळा निकाल, निराळा विजेता. कित्येकदां शर्यत संपण्यापूर्वींच व्यवस्थापक तिकिटांचे पैसे घेऊन पसार होई आणि जिंकणारा धुळीनें माखलेला रिकाम्या पेटीसमोर उभा राही. बिल फ्रान्स नांवाच्या एका धिप्पाड, गोडबोल्या पण मनाच्या पक्क्या मनुष्यानें हा गोंधळ मिटविण्याचें मनावर घेतलें. तो मूळचा वॉशिंग्टनचा. मोटारदुरुस्तीचें काम करणारा. फ्लॉरिडांतील डेटोना बीच येथें त्यानें बस्तान बसविलें. तेथल्या समुद्रकांठच्या शर्यतींत तो स्वतः गाडी हांकीत असे व पुढें त्या भरवूंहि लागला. १४ डिसेंबर १९४७ रोजीं डेटोना बीचच्या स्ट्रीमलाइन हॉटेलांत त्यानें तीस-पस्तीस व्यवस्थापक, कारागीर व चालक यांना बोलाविलें, आणि चार दिवसांच्या चर्चेनंतर 'नॅशनल असोसिएशन फॉर स्टॉक कार ऑटो रेसिंग' ही संस्था उभी राहिली. आद्याक्षरांवरून लोक तिला 'नॅसकार' म्हणूं लागले. संस्था म्हणावयाची, पण तिचीं सूत्रें अखेर एका फ्रान्सच्या हातीं होतीं, हें पहिल्या दिवसापासून कोणापासूनहि लपलेलें नव्हतें.

'स्टॉक कार' म्हणजे विक्रेत्याच्या साठ्यांतून बाहेर पडली तशी मोटार. परंतु १९४८ सालीं संस्थेच्या शर्यतींत धांवल्या त्या सगळ्या जुन्या, फेरफार केलेल्या गाड्या. याला कारण महायुद्ध. फेब्रुवारी १९४२ मध्यें अमेरिकेंतील मोटारींचे कारखाने रणगाडे व विमानें करूं लागले आणि नागरिकांसाठीं नव्या गाड्या निघणें बंद झालें. युद्ध संपल्यावरहि नवी गाडी मिळावयास महिनेच्या महिने नंबर लावावा लागे. अशा वेळीं ज्या गाडीसाठीं लोक रांगेंत उभे आहेत तीच गाडी मातींत उलथीपालथी होतांना दाखविणें फ्रान्सला बरें दिसेना. १९४९ मध्यें टंचाई सरली. तेव्हां त्यानें जाहीर केलें कीं, १९ जूनला शार्लट येथें केवळ नव्या व जशाच्या तशा गाड्यांची शर्यत होईल. १९४६ पूर्वीची गाडी चालणार नाहीं, आणि कारखान्यानें जें दिलें त्यांत फरक चालणार नाहीं. पहिलें बक्षीस २,००० डॉलर. त्या काळीं एवढ्या पैशांत एक नवी मोटार येत असे. प्रेक्षकानें आपल्या दारांतली गाडी मार्गावर पाहावी, तिच्या बाजूनें ओरडावें, आणि सोमवारीं शेजाऱ्याशीं तिच्यावरून वाद घालावा, असा फ्रान्सचा हिशेब होता. तो किती अचूक होता हें पुढल्या पन्नास वर्षांनीं दाखविलें.

शार्लटचा मार्ग पाऊण मैलाचा, मातीचा. अशा आंखूड मार्गावर सरळ पट्टा संपतो न संपतो तोंच वळण येतें. दोन वळणें मिळून एक टोंक, दोन टोंकें मिळून एक फेरी. घसरत्या मातींत गाडी वळवावयाची ती सुकाणूच्या चाकानें जितकी, तितकीच वेगाच्या कमीजास्तीनें. मागलीं चाकें बाहेर सरकूं द्यावयाचीं व पुढलीं उलट दिशेला धरावयाचीं. पात्रता-फेरींत अव्वल आलेल्या बॉब फ्लॉकचा वेग होता ताशीं सुमारें ६८ मैल, म्हणजे चाळीस सेकंदांच्या आंत एक फेरी. असल्या २०० फेऱ्या, एकूण १५० मैल, करावयाच्या होत्या. घरगुती गाडीला ही शिक्षाच. मार्गाला हळूहळू खड्डे व चाकोऱ्या पडतात, चाकें त्यांत आपटतात. धुळीनें रेडिएटर गुदमरतो, पाणी उकळतें, आणि उत्तम इंजिन वाफ सोडीत कडेला येऊन उभें राहतें.

गर्दीचे आंकडे निरनिराळे दिले जातात. १३,००० हा त्यांतला सावध आंकडा. दक्षिणेच्या धर्मशील मुलखांत, रविवारीं, जूनच्या उन्हांत आणि तांबड्या धुळींत इतकीं माणसें येऊन बसलीं, यावरूनच फ्रान्सला हवें तें उत्तर अर्धें मिळालें होतें.

स्पर्धकांची यादी वाचली म्हणजे त्या मुलखाचें लहानसें चित्रच दिसतें. अटलांट्याचे तिघे फ्लॉक बंधु बॉब, फाँटी व टिम तेथें होते. या घराण्याचें दारूच्या वाहतुकीशीं नातें सर्वांना ठाऊक होतें. रेड बायरन होता. महायुद्धांत अल्यूशियन बेटांवर बाँबफेकी विमानांत असतांना त्याचा डावा पाय जबर जखमी झाला होता. तो पाय पट्टीनें क्लचच्या दांड्याला अडकवून तो मोटार हांकी, आणि आदल्या वर्षींचा नॅसकारचा अव्वल मान त्यानेंच मिळविला होता. सारा ख्रिश्चन ही अटलांट्याची बाई होती. नवऱ्याच्या मालकीची फोर्ड घेऊन ती पुरुषांच्या रांगेंत उभी राहिली. या मालिकेंत उतरलेली पहिली स्त्री ती. नॉर्थ कॅरोलिनांतलाच ली पेटी होता. त्याचें वय पस्तीस, घरीं बायकोमुलें, आणि या खेळांत तो नवखा. त्यानें एका मित्राची मोठी ब्यूक मोटार मागून आणली होती व तिच्यांतच बसून, अकरा वर्षांच्या मुलाला बरोबर घेऊन, तो शार्लटला आला होता.

आणि दूर कॅन्सस संस्थानांतून जिम रोपर आला होता. त्याला या शर्यतीची वार्ता लागली ती वर्तमानपत्रांतल्या एका चित्रमालिकेवरून. 'स्मायलिंग जॅक' या वैमानिकाच्या चित्रकथेचा कर्ता झॅक मोस्ले याला मोटारशर्यतींचें वेड होतें. त्यानें आपल्या चित्रांत या शर्यतीचा उल्लेख केला, आणि तो वाचून रोपरनें एका मोटार-विक्रेत्यास भर दिली. १९४९ ची नवी लिंकन मोटार हजार मैलांहून अधिक अंतर चालवीत त्यानें शार्लटला आणली. हें अंतर तोडून आलेली गाडी मग दीडशें मैल मातींत धांवली. लिंकन कंपनीनें एवढी जाहिरात पैसे मोजून केली नसती.

ग्लेन डनअवे हा नॉर्थ कॅरोलिनांतलाच चालक. त्याच्यापाशीं त्या दिवशीं गाडीच नव्हती. ह्यूबर्ट वेस्टमोरलंड नांवाच्या मालकानें आपली १९४७ ची फोर्ड त्याला हांकावयास दिली. ही गाडी त्याच आठवड्यांत दारूच्या खेपेवर गेलेली होती असें सांगतात. तिच्या पोटांत काय आहे हें डनअवेला कितपत ठाऊक होतें हा प्रश्न पुढें महत्त्वाचा ठरावयास हवा होता. परंतु तो तसा ठरला नाहीं.

शर्यत सुरू झाली ती बॉब फ्लॉकच्या हडसन गाडीच्या मागोमाग. ती आघाडी थोड्याच फेऱ्या टिकली. मग बिल ब्लेअर आपल्या लिंकनमध्यें पुढें सरला, व शर्यतीचा मोठा भाग त्यानेंच पुढें राहून काढला. परंतु रेडिएटर तापून त्याची गाडी बसली. बॉबचें इंजिनहि चाळिसाव्या फेरीच्या आंतच निकामी झालें होतें. तो हात बांधून बसला नाहीं. सारा ख्रिश्चनची गाडी मध्येंच त्यानें हातीं घेतली, आणि ती गाडी चौदावी आली. शंभर फेऱ्या होऊन थोडा वेळ झाला तोंच ली पेटीची ब्यूक वळणावर उलटली व गडगडत गेली. पेटीला फारसें लागलें नाहीं. पुढें तो सांगे कीं, मोडक्या गाडीजवळ बसल्या बसल्या त्याला एकच विवंचना होती : घरीं जाऊन बायकोला काय सांगावयाचें? बापलेकांना दुसऱ्या कोणाच्या गाडींत बसून परतावें लागलें. त्या दिवशीं बापाची गाडी उलटतांना पाहणारा तो अकरा वर्षांचा मुलगा म्हणजे रिचर्ड पेटी. पुढें त्यानें या खेळांत २०० शर्यती जिंकल्या. तितक्या दुसऱ्या कोणासहि जिंकतां आल्या नाहींत.

ब्लेअर मागें पडल्यावर डनअवेची फोर्ड पुढें आली व पुढेंच राहिली. इतर गाड्या खाचखळग्यांत उसळत, वळणावर कलत. ही मात्र रुळावरून चालल्यासारखी वळणें घेई. रोपरची लिंकनहि अखेरीस तापूं लागल्यामुळें त्यानें वेग आवरता घेतला. दोनशें फेऱ्या झाल्या तेव्हां डनअवे रोपरच्या तीन फेऱ्या पुढें होता. लोकांनीं विजेता पाहिला, टाळ्या वाजविल्या, आणि धूळ झटकीत ते घरोघर निघाले.

त्यानंतर गाड्यांची तपासणी झाली. मुख्य तपासनीस अल क्रिसलर यानें फोर्ड गाडीच्या मागच्या बाजूस पाहिलें. त्या काळच्या फोर्ड गाडीला मागच्या आंसावर पोलादी पाट्यांचा एकच जुडगा आडवा बसविलेला असे. या गाडीचा तो जुडगा कारखान्यांतल्यासारखा नव्हता. फांकवून ताठर केलेला होता. क्रिसलरला किंवा तेथल्या कोणालाहि त्याचा अर्थ समजावून द्यावा लागला नाहीं. डनअवेचें पहिलेंच नव्हे तर कोणतेंच स्थान राखलें गेलें नाहीं. जिम रोपर विजेता ठरला, फाँटी फ्लॉक दुसरा, पाय जायबंदी असलेला बायरन तिसरा.

निकाल योग्य होता काय? नियमाच्या दृष्टीनें यांत शंकेला जागा नाहीं. जशीच्या तशी गाडी म्हणून जाहिरात केली, त्या आशेनें लोकांनीं तिकिटें काढलीं, आणि पहिल्याच दिवशीं पहिला क्रमांक फेरफार केलेल्या गाडीस दिला असता तर त्या शब्दाला अर्थ उरला नसता. परंतु न्यायाच्या दृष्टीनें पाहतां शिक्षा पडली ती कोणावर, हें विसरतां येत नाहीं. पाटे फांकविले मालकानें किंवा त्याच्या कारागिरानें. १५० मैल धूळ खाल्ली डनअवेनें. गाडी दुसऱ्याची, ऐन वेळीं हातीं आलेली. तिच्या खालीं वांकून पाहण्याची त्याला फुरसत किती व गरज ती काय? शिवाय ज्या प्रेक्षकांनीं त्याला पुढें धांवतांना पाहिलें, त्यांतल्या कित्येकांच्या अंगणांत तसलेच पाटे बसविलेल्या गाड्या उभ्या असतील. गुन्हा म्हणून त्याकडे पाहण्याची त्या मुलखाला संवयच नव्हती.

इतर चालकांना हें बोंचलें. त्यांनीं आपापल्या बक्षिसांतून वर्गणी काढून कांहीं रक्कम डनअवेच्या हातीं दिली. निकाल बदला असें त्यांनीं म्हटलें नाहीं. निकाल नियमाचा, तो राहूं द्या. पण माणसाचे श्रम फुकट जातां कामा नयेत, असा त्यांचा विचार दिसतो. या साऱ्या प्रकरणांत सर्वांत शहाणपणाचें वर्तन याच धुळीनें माखलेल्या मंडळीकडून घडलें असें म्हणण्यास हरकत नाहीं.

वेस्टमोरलंड मात्र गप्प बसणारा नव्हता. त्यानें नॅसकारवर १०,००० डॉलरांची फिर्याद लावली. दावा ग्रीन्सबरो येथील मध्यवर्ती न्यायालयांत न्यायाधीश हेज यांच्यापुढें आला. हेज हे त्याच संस्थानांतले. आणि त्या मुलखांतल्या न्यायाधीशाला हातभट्टीच्या खटल्यांची ओळख करून द्यावी लागत नसे. ताठर पाटे कोणत्या कामासाठीं असतात हें फिर्यादीनें सांगितलें नाहीं तरी न्यायासनाला ठाऊक असणार, अशी ही परिस्थिति. फिर्याद निकालांत निघाली ती नॅसकारच्या बाजूनें. आपल्या शर्यतीचे नियम आंखण्याचा व ते मोडणाऱ्याला बाद करण्याचा संस्थेचा अधिकार न्यायालयानें उचलून धरला.

फ्रान्सच्या दृष्टीनें हा विजय शर्यतीपेक्षांहि मोठा होता. त्या वेळीं दक्षिणेंत शर्यती भरविणाऱ्या प्रतिस्पर्धी संस्था होत्या. खुद्द शार्लट भागांत ब्रूटन स्मिथ हा तरुण व्यवस्थापक त्याच्याशीं टक्कर घेत होता. त्यांतली कोणतीहि संस्था म्हणूं शकत नव्हती कीं, आमचा शब्द न्यायालयांत टिकला आहे. दीड वर्षापूर्वीं एका हॉटेलाच्या खोलींत जुळलेल्या मंडळीला अशा रीतीनें राजमान्यता मिळाली, आणि तीहि दारूच्या गाडीच्या पाट्यांमुळें. पुढें कित्येक चालकांना फ्रान्सच्या या अधिकाराचे चटके बसले. दुसऱ्या संस्थेच्या शर्यतींत भाग घेतला म्हणून गुण कापले गेले, चालकांचा संघ काढूं पाहणाऱ्यांना बाहेर काढण्यांत आलें. नियमाची काठी एकदां हातीं आली कीं ती केवळ पाट्यांवरच पडते असें नाहीं.

त्या वर्षीं अशा एकूण आठ शर्यती झाल्या, आणि वर्षअखेर सर्वाधिक गुण मिळवून बायरन अव्वल ठरला. डेटोनाच्या १० जुलैच्या शर्यतींत फ्लॉक भावांबरोबर त्यांची बहीण एथेलहि उतरली. टिम दुसरा आला, पण बॉब व फाँटी या दोघांच्या पुढें बहीण होती. सारा ख्रिश्चन सप्टेंबरांत लँगहॉर्न येथें सहावी आली. तेथला विजेता कर्टिस टर्नर यानें तिला आपल्या शेजारीं विजयस्थानीं बोलावून घेतलें. ऑक्टोबरांत पिट्सबर्गजवळच्या शर्यतींत ती पांचवी आली, आणि ती शर्यत जिंकणारा होता ली पेटी. जूनमध्यें मित्राची ब्यूक मोडून बसलेला हा गृहस्थ पुढें तीन वेळां सर्व वर्षाचा विजेता झाला व १९५९ मधील पहिली 'डेटोना ५००' त्यानेंच जिंकली. रोपर मात्र नॅसकारच्या आणखी एकाच शर्यतींत दिसला व कॅन्ससला परतला. २००० सालीं तो वारला, तेव्हांहि पहिला विजेता म्हणून त्याचेंच नांव नोंदलेलें होतें. १९५० पासून या मालिकेचें नांव बदललें, पुढेंहि तें अनेकदां बदललें. शार्लटचा तो मातीचा मार्ग १९५६ नंतर बंद पडला.

डार्लिंग्टन येथें ४ सप्टेंबर १९५० रोजीं या खेळाची पहिली ५०० मैलांची शर्यत झाली. ७५ गाड्या धांवल्या. मोठमोठ्या कॅडिलॅक व ओल्डस्मोबील गाड्यांचीं रबरें त्या डांबरी वळणांवर एकामागून एक फुटत गेलीं. जिंकली ती जॉनी मँट्झ या चालकाची लहानशी, संथ प्लिमथ मोटार. तिला मालमोटारीचीं टणक रबरें चढविलेलीं होतीं, आणि ती सहा तासांहून अधिक वेळ एकाच चालीनें चालत राहिली. शर्यतीपूर्वीं ती गाडी गांवांतलीं किरकोळ कामें करण्यासाठीं वापरीत. ती जशीच्या तशी नाहीं अशी कुरकूर याहि वेळीं झाली, परंतु निकाल कायम राहिला. गाडी धांवली ती ह्यूबर्ट वेस्टमोरलंड याच्या नांवावर. आणि तिच्या मालकींत बिल फ्रान्सचाहि वांटा होता असें सांगतात.